उजव्या अंगठ्याचं नख

॥ श्री ॥
जामबाग, हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२४

चि. सुशीलेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रसिकाच्या अपघातावर चौकशी समितीचं मत ठरलं आहे. यंत्रात दोष नव्हता, चूक रसिकाची. काल संध्याकाळी उड्डाण-क्लबचे मुख्य शिक्षक अप्पाराव गारू स्वतः घरी आले आणि त्यांनी हे मला सांगितलं. सांगितलं म्हणजे पाटीवर लिहिलं. मला ऐकू येत नाही म्हणून दाराशी पाटी-पेन्सिल ठेवलेली असते, तुला माहीत आहेच. चाळीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून विमानांची उपकरणं दुरुस्त केली, त्याची ही बिदागी. गारूंनी तीन ओळी लिहिल्या आणि चहासुद्धा न घेता गेले.

तुला नीट समजावं म्हणून सविस्तर लिहितो. विमानात समोरच्या फळीत बसवलेलं जीपीएस असतं. उडण्यापूर्वी त्यात वाटेवरची ठिकाणं ओळीनं भरायची. रसिकाचा २० जानेवारीचा मार्ग असा होता: क्लबपासून सिंगूरचं धरण, तिथून निजामसागर, तिथून परत. एक ठिकाण मागे पडलं की यंत्र आपोआप पुढच्या टप्प्यावर जातं आणि काटा नवी दिशा दाखवतो. पण एक बटन असं आहे की ते दाबलं तर यंत्र आहे त्याच टप्प्यावर थांबून राहतं. समिती म्हणते, रसिकानं ते दाबलं आणि विसरली. निजामसागर मागे पडला तरी काटा जुनीच रेघ दाखवत राहिला आणि ही धुरक्यात सरळ चाळीस किलोमीटर पुढे गेली. परतायला पेट्रोल पुरलं नाही. उसाचं रान होतं म्हणून जीव वाचला.

पडलेल्या विमानातून ते यंत्र मीच काढलं. निवृत्त झालो तरी अशा कामाला मलाच बोलावतात. चिखलानं माखलं होतं. घरी आणून एकेक बटन स्पिरिटनं स्वच्छ पुसलं आणि मगच समितीच्या हाती दिलं. समितीनं शंभर वेळा बटनं दाबून पाहिली, एकही अडकलं नाही. मी बसवलेलं यंत्र आहे, अभिमान वाटला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण वाटला.

सोबत एक कागद पाठवत आहे. चूक कबूल असल्याची रसिकाची सही २६ तारखेच्या आत हवी. सही झाली की तिचं उड्डाण-शिक्षण इथे संपेल आणि प्रकरणही संपेल. नाही केली तर कागद दिल्लीला जातील, वकील येतील, पोरीची नाचक्की होईल. सही करून घे.

बाकी क्षेम. ओमकारची परीक्षा दुसऱ्या विमानावर येत्या सत्तावीसला ठरली आहे. तुझं मागचं पत्र त्याला वाचायला दिलं, तर दोन ओळींत घामाघूम झाला. हैदराबादेत वाढलेला माझा मुलगा विमान चालवतो, पण मराठी वाचायला बसला की अजून बिगरीत. तुझ्या शाळेत असता तर तू त्याला बाकावर उभा केला असतास.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा दादा,
भगवंतराव


॥ श्री ॥
उदगीर
१६ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. कागद मी रसिकाला दाखवला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. सही अजून केलेली नाही.

पायाचं म्हणाल तर डॉक्टर समाधानी आहेत. घोट्यातल्या सळ्या नीट बसल्या आहेत, जूनपर्यंत ती चालेल, म्हणतात. रोज सकाळी उठल्यावर तिचा पहिला प्रश्न असतो की जूनमध्ये उडता येईल का. डोळे, कान, सगळं ठीक आहे, हरकत नाही, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे आता तिच्या वाटेत फक्त तो कागद उभा आहे. तिचे वडील गेल्यापासून या पोरीनं दुसरं काही मागितलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

डोक्याला मार लागल्यामुळे अपघाताच्या आधीचे तीन-चार दिवस तिला अजिबात आठवत नाहीत. संक्रांत आठवते, पतंग आठवतात, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. ती मला विचारते की मी बटन दाबलं का ग. मी काय सांगू? मला मिक्सरची बटनं कळत नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारते. त्या आठवड्यात ती तुमच्याकडे आली होती का? यंत्राबद्दल काही बोलणं झालं होतं का? तुम्ही सांगाल ते ती मानेल. तुमच्या शब्दापुढे ती माझंही ऐकत नाही.

आणखी एक. पायाचं समजू शकते, पण उजव्या अंगठ्याचं टोक एवढं कसं सोललं? नख मुळातून निघालं आहे आणि खालची कातडी अजून भरत नाही. दुसऱ्या कुठल्या बोटाला ओरखडासुद्धा नाही. बत्तीस वर्षं दर सोमवारी मुलांची नखं तपासली, त्यामुळे माझी नजर तिथेच जाते, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा, पण सांगा.

वहिनींना नमस्कार, ओमकारला आशीर्वाद. त्याच्या परीक्षेसाठी मी इथल्या देवीला नारळ बोलले आहे.

आम्हा दोघींवरची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची,
सुशीला


॥ श्री ॥
जामबाग, हैदराबाद
१९ फेब्रुवारी २०२४

चि. रसिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. तुला आठवत नाही म्हणून ती मला विचारते. मला आठवतं. मनावर घेऊ नकोस, पण खरं ते सांगतो.

गुरुवारी, म्हणजे १८ जानेवारीला, संध्याकाळी सहाच्या सुमारास तू आमच्याकडे आलीस. तुझ्या मामीनं तिळाचे लाडू दिले. तू दोन खाल्लेस आणि तिसरा रुमालात बांधून घेतलास. मग शनिवारच्या उड्डाणाची उजळणी करायची म्हणून आपण टेबलाशी बसलो. मी कागदावर यंत्राचा पडदा काढला. बाहेरचा मोठा नॉब फिरवला की पान बदलतं, आतला लहान फिरवला की अक्षरं बदलतात. ठिकाणाचं नाव भरलं की एंटर दाबायचं आणि दाबल्यावर एकदा वाचून पाहायचं. बाणाचं चिन्ह असलेलं बटन दाबलं की यंत्र मधली ठिकाणं सोडून थेट हव्या त्या जागी नेतं. हे सगळं तू घडाघडा म्हणून दाखवलंस. तुझी तयारी चांगली होती.

मग टप्पा रोखण्याच्या बटनावर आलो. ते दाबलेलं असलं की वर एक शब्द उजळतो. तो विझलेला आहे ना, हे दर टप्प्याला बघायचं, मी तुला बजावलं. त्यावर तू पाटीवर लिहिलंस की मामा, शनिवारी मी ते बटन मुद्दाम दाबून बघणार आहे, सरावासाठी. मी नको म्हणालो. तू हसलीस. जाताना पायरीवरून वळून पुन्हा हसलीस. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी समितीला हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर निष्काळजीपणाऐवजी हट्टीपणा लिहितील. तुझी सही आली तर मला सांगावंही लागणार नाही. मामा म्हणून एवढं माझ्या हातात आहे.

अंगठ्याचं म्हणशील तर विमानाचा पत्रा फाटतो तेव्हा तो कुठेही लागतो. त्यात शोधण्यासारखं काही नाही, तुझ्या आईलाही सांग.

डोळे मिटून शांतपणे बस. ते टेबल आठव, लाडवांची ताटली आठव. बाकीचं आपोआप येईल. आठवलं की मन हलकं होईल.

मामाची तुझ्यावर माया आहे, ती अशीच राहील.
तुझा,
भगवंतमामा


उदगीर
२३ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

सही केलेला कागद सोबत आहे. पोचला की दोन ओळी लिहा.

तुम्ही सांगितलं तसं केलं. तीन दिवस दुपारी डोळे मिटून बसले. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी लाडवांची ताटली दिसली, मामीची ती काठाला निळी रेघ असलेली. काल टेबल दिसलं आणि तुमचा हात कागदावर चौकोन काढताना दिसला. आज सकाळी मी पाटीवर लिहिताना दिसले. मामा, मला आता आठवतं. मी ते लिहिलं होतं. विमानात माझा अंगठा त्या बटनावर जाताना मला दिसतो. कितीतरी वेळा जातो. एकदाच दाबायचं होतं तर इतक्या वेळा का, ते कळत नाही, पण अंगठा माझाच आहे.

तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही. याचं मला पायापेक्षा जास्त दुखतं. माझ्यामुळे तुमच्या यंत्रावर संशय आला. चाळीस वर्षांत तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला माफ करा.

आईनं मला सही करू नको म्हणून सांगितलं नाही. ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा आत आली आणि पाकिटाला डिंक लावून दिला.

मी उडण्याचं डोक्यातून काढलं आहे. इथल्या शाळेत गणिताची जागा निघणार आहे, आईच्या ओळखीनं विचारू. पोरांना अंतर, वेग, वेळ शिकवीन. निजामसागरपासून किती वेळात परत यायचं, हे गणित मी त्यांना घालणार नाही.

एकच मागणं आहे. अपघाताच्या दिवशीची माझी बॅग अजून समितीकडे आहे. त्यात हेडफोन आहे, तो बाबांनी घेतलेला. आता त्याचा उपयोग नाही, पण तेवढा मिळाला तर बरं.

ओमकारला परीक्षेसाठी शुभेच्छा. तो माझ्यापेक्षा सांभाळून उडवतो.

मला दूर लोटू नका, एवढंच.
तुमची,
रसिका


हैदराबाद
२ मार्च २०२४

आत्याला नमस्कार.

आत्या, हे लेटर मी स्वतः लिहितोय, मिस्टेक माफ करा. बोलतो तेवढी मराठी मला लिहिता येत नाही. बाबांना सांगू नका मी लिहिलं म्हणून.

रसिकाची बॅग समितीनं परत दिली. बाबांनी अगोदर उघडून तिची उड्डाणाची डायरी काढून घेतली, बोलले की क्लबमध्ये जमा करायची असते. मग मला बांधायला दिली. मी आज अफझलगंजच्या पार्सल ऑफिसातून रवाना केली. मंगळवारपर्यंत उदगीरच्या स्टँडवर मिळेल, पावती जोडली आहे. हेडफोन टॉवेलात गुंडाळला आहे. नकाशाच्या घडीत एक बंद पाकीट होतं, वर तुमचं नाव आणि तिकीट लावलेलं. दर गुरुवारी तुम्हाला लिहायची ना, तेच असेल. तसंच ठेवलं आहे. दुसऱ्याचं लेटर उघडायचं नाही असं तुम्हीच शिकवलं होतं, आणि उघडून पण मला काय वाचता येणार.

मी पास झालो. लायसन्स पुढच्या महिन्यात हातात येईल. सगळे दावत मागतात, माझं मन लागत नाही.

आत्या, त्या दिवशी उसात सगळ्यात अगोदर पोचलेल्यांत मी होतो. रसिका बेहोश होती. तिचा उजवा अंगठा खून-खून झाला होता, रक्तानं भरलेला, आणि त्या बटनाच्या फ्रेमवर पण खून होता. बाबांनी नंतर पुसला. तेव्हापासून मी माझं अंगठ्याचं नख वाढवलं नाही. आता कशाला पाहिजे, ते विमानच राहिलं नाही. बाकीच्या पोरांनी पण कापली.

तिला सांगायला पाहिजे होतं. बाबा नक्को बोलले. तेव्हा माझी परीक्षा लगेच सोमवारी होती, हौ, त्याच विमानावर. मी नक्को का बोलले ते विचारलं नाही, मला समजलं होतं.

तुम्ही माझ्यावर नाराज होऊ नका.
ओमकार


हैदराबाद
गुरुवार, १८ जानेवारी २०२४

प्रिय आईस,
सा. न. वि. वि.

ताजी बातमी: शनिवारी मी एकटी निजामसागरपर्यंत जाऊन येणार. अप्पाराव गारूंनी आज दुपारी फळ्यावर नाव लिहिलं, म्हणजे पक्कं. हे पत्र शनिवारी परतल्यावर आबिड्सच्या पोस्टात टाकीन, म्हणजे पाकिटावर मागे एक ओळ लिहिता येईल, की जाऊन आले.

क्लबमध्ये माझं नाव आता पक्की वही पडलं आहे. डिसेंबरात दुसऱ्या विमानाचा ब्रेक गळत होता तो मी सरकारी नोंदवहीत लिहिला, तेव्हापासून ते विमान उभंच आहे. वहीत लिहिलं की दुरुस्त होईपर्यंत उडवायचं नाही, नियमच तसा. सगळ्या पोरांचे तास बुडाले. आता मी आले की गप्पा थांबतात. मामांच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक कच्ची वही आहे, तीत ते काहीतरी लिहून पोरांना दाखवतात आणि मला बघितलं की मिटतात. मी आपली तुझी पोरगी, शाई लागली की खोडायला येत नाही.

एक मजा सांगते. इथल्या सगळ्या मुलांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं आहे. एकच नख! प्रथमेशचं तर बायकांसारखं लांब. ओमकारचंही. तू असतीस तर सोमवारी रांगेत उभं करून पट्टी काढली असतीस. मी विचारलं तर हसतात.

आज संध्याकाळी मामांकडे गेले होते. मामी लाडू देऊन देवळात गेली. मी मामांना पाटीवर लिहून नखांचं विचारलं. ते म्हणाले की नवाबांचं शहर आहे, पोरांना शौक चढतात. मग मी मुद्द्याचं लिहिलं: शनिवारच्या विमानाच्या जीपीएसमध्ये मला माहीत असावं असं काही आहे का? त्यांनी ते वाचलं, बाहीनं पाटी पुसली आणि सांगितलं की यंत्र अगदी अव्वल आहे, डोळे मिटून जा. दोन मिनिटांत उठलेच. म्हटलं एकदा उजळणी घ्या, तर म्हणाले की तुला सगळं येतं.

ओमकार दाराशी उभा होता. मी बघितलं तर त्यानं अंगठा मुठीत घेतला आणि खाली निघून गेला. बहुतेक त्याला परीक्षेची भीती वाटते. सोमवारी त्याची त्याच विमानावर परीक्षा आहे, बाहेरून परीक्षक येणार. मी विमान नीट परत आणून देते म्हणून सांगितलं त्याला.

मामांनी अव्वल म्हटलं म्हणजे प्रश्नच नाही. माझी काळजी करू नको. नखं कापलेली आहेत.

तुझी,
रसिका


॥ श्री ॥
उदगीर
९ मार्च २०२४

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

रसिकाची सही मागे घेतल्याची नोंद झाली आहे आणि सोमवार, १८ मार्चला सकाळी अकरा वाजता समिती पुन्हा बसणार आहे. समितीच्या सचिवांचं शिक्क्याचं पत्र आज आलं. तुम्हालाही आलं असेल. नसलं तर हे पत्र ती बातमी समजा.

बॅग मंगळवारी मिळाली. हेडफोन शाबूत आहे. नकाशात रसिकाचं पत्र होतं. त्याच दिवशी रजिस्टरनं समितीकडे पाठवलं, प्रत सोबत जोडली आहे. त्याबरोबर तुमचं १२ फेब्रुवारीचं पत्र पाठवलं, ज्यात एकेक बटन स्पिरिटनं पुसल्याचं तुम्ही लिहिलं आहे. १९ फेब्रुवारीचं पाठवलं, ज्यात त्याच गुरुवारी त्याच टेबलाशी तुम्ही उजळणी घेतली आणि पोरीनं बटन दाबण्याचा हट्ट धरला. ओमकारचं पाठवलं. तुमची पत्रं मी आयुष्यभर जपून ठेवत आले, फेकायला मन होत नाही.

निळ्या पुठ्ठ्याची वही आतापर्यंत तुम्ही जाळली असेल. जाळा. तीत जे होतं ते ओमकारला तोंडपाठ आहे. बटन आत अडकलं की नखानं खालून उचकटायचं, हे क्लबच्या प्रत्येक पोराला सांगितलं होतं. माझ्या एकटीच्या पोरीला नाही, कारण ती सरकारी वहीत लिहील, विमान उभं राहील आणि ओमकारची सोमवारची परीक्षा जाईल. बरोबर सांगते ना? तिच्या अंगठ्याला नख नव्हतं. मीच लावलेली सवय. कातडी निघेपर्यंत ती उचकटत होती, दादा.

तिनं स्वतःचं पत्र तीनदा वाचलं. आता तिला दोन गुरुवार आठवतात, एक तिनं लिहिलेला आणि एक तुम्ही लिहिलेला. आणि तुमचाच जास्त स्पष्ट दिसतो, म्हणते. काठाला निळी रेघ असलेली ताटलीसुद्धा. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की तुमचा तो गुरुवार आता जाणार नाही.

मला तुमच्यावर फिर्याद करायची होती. रसिकानं नको म्हटलं. तिनं सांगितलं की मामांना आधी काही विचारायचं नाही, आधी ओमकारला विचारायचं. मी म्हटलं, त्यानंच बॅग बांधून पाठवली, भोळं पोर आहे. ती म्हणाली, म्हणूनच. मी तिची आई आहे, पण त्या वेळी तिच्याकडे बघवलं नाही. समितीला पत्र लिहिताना मी तिचं ऐकलं.

तर पहिलं नाव ओमकारचं आहे. दोष माहीत असून न नोंदवता तो त्या विमानातून किती वेळा उडाला, हा त्याला पहिला प्रश्न. त्यानं खरं सांगितलं तर त्याचं लायसन्स हातात येण्याआधीच जाईल आणि रसिका जूनमध्ये उडेल. खोटं सांगितलं तर ती जन्मभर गणित शिकवील, आणि तो तिच्यासमोर बसून खोटं बोललेला असेल. लहानपणी माझ्याकडे सुटीला आला की चोरून खाल्लेल्या साखरेचं संध्याकाळी स्वतः येऊन सांगायचा. मला त्याची काळजी वाटत नाही. तुम्हाला वाटावी.

सोबतची प्रत त्याला दाखवा. त्याला मराठी धड वाचता येत नाही, तेव्हा तुम्हालाच वाचून दाखवावी लागेल. सावकाश वाचा, एकही ओळ गाळू नका. तुम्हाला तुमचा आवाज ऐकू येत नाही, पण त्याला येईल.

वहिनींना नमस्कार सांगत नाही, त्यांना यातलं काही ठाऊक नसावं असं मी धरून चालते. रविवारच्या दुपारच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. आम्ही जामबागला येणार नाही, आबिड्सला लॉजवर उतरू. मायेचं या वेळी काही मागत नाही.

सोमवारी दुसरं नाव तुमचं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सगळे प्रश्न पाटीवर लिहून विचारले जातील, तसं मी सचिवांना कळवलं आहे. तुमची पाटी घेऊन या. ती सचिवांच्या हातात राहील.

सुशीला